फुटबॉल मॅनेजर: आधी पगारपत्रक वाचा, मग खेळाडू शोधा

फुटबॉल मॅनेजर पहिल्यांदा उघडणारा माणूस सहसा ट्रान्सफर बजेटचा आकडा बघतो आणि थेट बाजारात उतरतो. एक नावाजलेला स्ट्रायकर, दोन विंगर, वर एक अठरा वर्षांचा 'उद्याचा मेस्सी'. ऑगस्टमध्ये कागदावर संघ भारी दिसतो. नोव्हेंबरात तोच संघ अकराव्या क्रमांकावर असतो, कॅप्टन तोंड फिरवून बसलेला असतो, आणि संचालक मंडळाचा निरोप येतो की पगाराचा खर्च हाताबाहेर चाललाय.

या गेमला तुम्ही किती चांगले खेळाडू गोळा करता यात फारसा रस नाही. पगार, संघातल्या जागा आणि वेळ या मोजक्या गोष्टी तुम्ही कुठे खर्च करता, हे तो बघतो. ते एकदा लक्षात आलं की स्क्रीनवरच्या आकड्यांच्या जंगलातून वाट दिसायला लागते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे चेंडू तुमच्या पायात कधीच येत नाही. तुम्ही मॅनेजर. खेळाडू निवडायचे, डावपेच ठरवायचे, करार करायचे, सराव घ्यायचा आणि सामना चालू झाला की बाजूला उभं राहून ओरडायचं. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लिश भावांनी 1992 साली 'चॅम्पियनशिप मॅनेजर' काढला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली, जुनं नाव प्रकाशकाकडे राहिलं आणि 2004 पासून भावांच्या स्पोर्ट्‌स इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा गेम 'फुटबॉल मॅनेजर' झाला. 2025च्या फेब्रुवारीत कंपनीने एक अख्खी आवृत्ती रद्द केली आणि 'फुटबॉल मॅनेजर 26' नव्या इंजिनावर, महिला फुटबॉलसकट, त्याच वर्षी नोव्हेंबरात आली. पण गेमचा आत्मा आहे त्याचा डेटाबेस. जगभरातले स्थानिक जाणकार आपापल्या लीगमधल्या खेळाडूंना आकडे देतात. हा साठा इतका दांडगा की 2008मध्ये एव्हर्टन या खऱ्याखुऱ्या क्लबने स्काउटिंगसाठी, म्हणजे नवे खेळाडू हेरण्यासाठी, तो वापरण्याचा करार केला होता.

पोटातला आकडा

खेळाडूचं पान उघडलं की त्याचे छत्तीसेक अ‍ॅट्रिब्यूट दिसतात: पासिंग, टॅकलिंग, धैर्य, वेग, उडी वगैरे. प्रत्येकाला 1 ते 20 मधला आकडा. हे दिसतं. दिसत नाहीत ते दोन आकडे, आज तो किती चांगला आहे आणि जास्तीत जास्त किती चांगला होऊ शकतो. हे दोन्ही 200 पैकी असतात.

खरी गंमत या दोहोंच्या नात्यात आहे. 200 पैकीचा आजचा आकडा म्हणजे एक थैली समजा. सगळे अ‍ॅट्रिब्यूट त्या थैलीतूनच 'विकत' घेतलेले असतात आणि प्रत्येकाचा भाव जागेनुसार बदलतो. सेंटर बॅकच्या हिशेबात फिनिशिंगला जवळपास किंमत नाही, स्ट्रायकरच्या हिशेबात भरपूर आहे. वेग आणि सुरुवातीची झेप बहुतेक जागांवर महाग. दोन्ही पायांनी खेळता येणंसुद्धा थैलीतून बरंच काही काढून घेतं. उलट जिद्दीसारख्या काही गोष्टी या हिशेबात जवळजवळ फुकट पडतात, त्यामुळे जिद्द 18 असलेला खेळाडू त्याच थैलीत जास्त माल देतो.

आता समजा दोन मिडफिल्डर आहेत, दोघांचा पोटातला, म्हणजे न दिसणारा आजचा आकडा सारखाच, 130. पहिल्याचं पान बघितलं तर सगळीकडे 13 आणि 14. पासिंग बरं, टॅकलिंग बरं, लांबून शॉटही बरा. दुसऱ्याचं पान ओबडधोबड: टॅकलिंग 16, मेहनत 17, दमसास 16, अंदाज 16, आणि मग पासिंग 11, फिनिशिंग 5, लांबचे शॉट 6. तुमचे कोच दोघांनाही एकूण दर्जाचे सारखेच तारे देतील. पण तुम्हाला समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावून लगेच बाजूच्याला देणारा माणूस हवा असेल, तर पहिल्याच्या थैलीतला कितीतरी भाग वाया जाणार आहे. त्याचा लांबचा शॉट तुम्ही वापरणारच नाही. दुसरा तुमच्यासाठी 150च्या खेळाडूसारखा खेळेल आणि बहुधा स्वस्तात मिळेल, कारण मोठ्या क्लबांना असा एकसुरी माणूस नको असतो.

मधल्या फळीतला क्लब वरच्यांना गाठतो तो याच वाटेने. मोठ्या क्लबांना नासाडी परवडते. ते सगळं येणारे खेळाडू घेतात, कारण चार स्पर्धांमध्ये चार तऱ्हेने खेळावं लागतं. तुम्हाला परवडत नाही, म्हणून अकराही थैल्या एकाच तऱ्हेच्या खेळावर खर्च झालेल्या असाव्या लागतात. त्यासाठी डावपेच आधी ठरले पाहिजेत. पुढे जाऊन प्रेस करायचा, म्हणजे समोरच्याला त्याच्याच भागात घेरून चेंडू हिसकावायचा असेल तर मेहनत, दमसास, आक्रमकता, अंदाज आणि सांघिक भावना हे आकडे अकराही जणांत बघायचे, स्ट्रायकरमध्येसुद्धा. मागे दाटी करून प्रतिहल्ला करायचा असेल तर मागच्यांमध्ये एकाग्रता, मार्किंग, जागा धरणं आणि पुढे दोघे पळणारे. हे न ठरवता बाजारात गेलात की विक्रेत्याला जे विकायचंय तेच घेऊन घरी येता.

कुरकुर करायची तर एकच: बऱ्याच आवृत्त्यांमध्ये सामन्याच्या इंजिनाने वेगाला अवास्तव भाव दिला आहे. सुंदर पास देणारा, विचारी, पण हळू विंगर खऱ्या फुटबॉलमध्ये जसा चालतो तसा इथे चालत नाही. मला ते आवडत नाही, पण विंगर आणि स्ट्रायकर निवडताना मीही आधी वेगाचाच रकाना बघतो.

'फुटबॉल मॅनेजर 26'मध्ये यात आणखी एक वळण आलं. चेंडू आपल्याकडे असतानाची रचना वेगळी आणि नसतानाची वेगळी, आणि खेळाडूला दोन्हीकडे वेगळी भूमिका देता येते. तुमचा फुलबॅक चेंडू असताना आत सरकून मिडफिल्डर होणार असेल, तर त्याला पहिला स्पर्श, पासिंग आणि निर्णयक्षमताही लागते आणि परत धावत जाऊन विंगरला रोखताही यायला हवं. खेळ देखणा होतो, पण त्या फुलबॅकचा गुडघा गेला की त्याच्यासारखा दुसरा बाकावर सापडत नाही. लहान क्लब घेतलात तर अशी दुहेरी कामं दोघातिघांपुरतीच ठेवा.

तारे कोणाच्या डोळ्यांचे

नवशिके ताऱ्यांवर भाळतात. पाच तारे दिसले की सही. पण तारे हे तुमच्याच संघाच्या तुलनेत दिलेले असतात. चौथ्या पातळीवरच्या क्लबात पाच तारे मिळवणारा प्रीमियर लीगच्या क्लबात अर्ध्या ताऱ्याचाही नसेल. शिवाय ते तारे देणारा कोच किंवा स्काउट किती पारखी आहे यावरही सगळं अवलंबून. स्काउटच्या पानावर सध्याची क्षमता ओळखणं आणि पुढची क्षमता ओळखणं असे दोन वेगळे आकडे असतात. ते 8 आणि 9 असतील तर त्याच्या अहवालाची किंमत तेवढीच. पहिल्या उन्हाळ्यात खेळाडूंच्या आधी एक चांगला मुख्य स्काउट घ्या. त्याचा वर्षाचा पगार एखाद्या राखीव फुलबॅकपेक्षाही कमी असतो.

आणि 'उद्याचा मेस्सी'? वरची मर्यादा म्हणजे छप्पर, तिथवर पोचण्याची हमी नाही. जुन्या खेळाडूंना चेर्नो सांबा हे नाव आठवेल. 'चॅम्पियनशिप मॅनेजर 01/02'मध्ये मिलवॉलच्या या पोराला ज्याने घेतलं त्याने ट्रॉफ्यांची रांग लावली. प्रत्यक्षातला सांबा गांबियाकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळला, बऱ्याच क्लबांत फिरला, पण गेममधला तो गोलांचा पाऊस काही पडला नाही. हल्लीच्या आवृत्त्यांत छपरापर्यंत नेणाऱ्या गोष्टी बऱ्याचशा स्वभावात दडवल्या आहेत. व्यावसायिकता, महत्त्वाकांक्षा, दडपण सोसणं, दुखापतींची ओढ, सातत्य यांचे आकडे थेट दिसत नाहीत. स्वभावाच्या एका शब्दावरून अंदाज बांधावा लागतो: 'मॉडेल सिटिझन', 'प्रोफेशनल', 'ड्रिव्हन' असं लिहिलं असेल तर डोळे झाकून पुढे जा. आळशी म्हणून नोंद असलेला वंडरकिड मात्र दुसऱ्यांनी घेतलेलाच बरा.

स्वभाव थोडाफार संसर्गजन्य असतो. मेंटरिंगच्या गटात एका जिद्दी बुजुर्गाबरोबर दोन पोरं ठेवली की वर्षभरात फरक दिसतो. म्हणून बत्तीस वर्षांचा, पाय जड झालेला, पण स्वभावाने सोनं असलेला सेंटर बॅक मी सहसा विकत नाही. मैदानावर त्याचा उपयोग वर्षाला दहा सामने, बाकी वेळ तो पोरं घडवतो.

पगार

आता मुद्द्याचं. ट्रान्सफर फी एकदाच जाते, तीही हप्त्यांत देता येते. पगार दर आठवड्याला जातो आणि, हे नवशिक्यांना उशिरा कळतं, तो ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना माहीत असतो.

एक करार जवळून बघू. समजा तुम्ही इंग्लंडच्या चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीवर आहात. संघात सर्वाधिक पगार आठवड्याला 12,000 पाउंड. एक स्ट्रायकर सापडलाय, त्याचा एजंट 22,000 मागतो. बजेटच्या पट्टीवर तेवढी जागा आहे. तुम्ही हो म्हणता. एजंट पुढे सरकवतो: दर वर्षी पगारवाढ, प्रत्येक सामन्यामागे वेगळे पैसे, गोलमागे बोनस, वरच्या लीगमध्ये गेल्यास वाढीव टक्केवारी, आणि शेवटी एक निरुपद्रवी दिसणारी ओळ, संघात कोणालाही यापेक्षा जास्त पगार मिळाला तर यालाही तेवढाच. तुम्ही घाईत असता, विंडो, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याची मुदत, बंद व्हायला दोन दिवस उरलेले असतात. सही होते.

महिन्याभरात तुमचा कॅप्टन भेटायला येतो. मग गोलकीपर. मग तो विंगर, ज्याच्या क्रॉसवर नवा माणूस गोल करतोय. एका भाच्याला सायकल घेऊन दिलेल्या मामासारखी तुमची अवस्था होते. तिघांचे पगार वाढले की 10,000ची वाढ 30,000ची होते, आणि पुढच्या वर्षी 'वाढीव टक्केवारी' त्या सगळ्यावर लागते. खेळाडू वाईट नव्हता, बारा गोल केले त्याने. पण त्याची खरी किंमत 22,000 कधीच नव्हती.

म्हणून संघाला पगाराच्या पायऱ्या हव्यात. तीन-चार आधारस्तंभ वर, नियमित खेळणारे त्याखाली, राखीव त्याच्याही खाली, पोरं तळाशी, आणि वरच्या पायरीपेक्षा एक पाउंडही जास्त कोणाला नाही. पायरी वर न्यायचीच असेल तर लीग बदलल्यावर न्या. बोलणी करताना मूळ पगार खाली ठेवून सामन्यागणिक पैसे वाढवा, म्हणजे जखमी माणूस तिजोरी रिकामी करणार नाही. सर्वाधिक पगाराशी बरोबरी करणारं कलम दिसलं की ते आधी खोडा, एजंट उठून गेला तरी चालेल. खालच्या लीगमध्ये घसरल्यास पगारकपात, हे कलम मात्र तुम्ही मागायचं.

करार संपत आलेले खेळाडू ही याच हिशेबातली दुसरी बाजू. युरोपीय न्यायालयाच्या 1995च्या बोस्मन निकालापासून करार संपलेला खेळाडू फी न देता दुसरीकडे जाऊ शकतो, आणि शेवटचे सहा महिने उरले की परदेशी क्लबशी आधीच बोलणी करता येतात. गेममध्ये 1 जानेवारीला शोधाच्या पानावर ही चाळणी लावली की घबाड हाती लागतं. फक्त 'फुकट' या शब्दाला भुलू नका, कारण वाचलेली फी खेळाडू आणि एजंट सहीच्या रकमेत आणि पगारात मागून घेतात.

विकण्याची वेळ

विकणं जमत नसेल तर घेणंही जमणार नाही. गेममध्ये खेळाडूची बाजारभावातली चढती कमान साधारण विशीच्या मध्यावर असते, आणि तिशीनंतर शारीरिक आकडे उतरायला लागतात. गोलकीपर आणि सेंटर बॅकना थोडी जास्त मुदत मिळते. आवडता स्ट्रायकर सत्ताविसाव्या वर्षी वीस गोल करतो तेव्हा त्याला विकणं जिवावर येतं, पण चांगल्यात चांगला भाव तेव्हाच मिळतो.

खऱ्या जगात हे ब्रेंटफर्डकडून शिकावं. लंडनमधला हा छोटा क्लब. 2017मध्ये त्यांनी एक्झिटर या खालच्या लीगमधल्या क्लबाकडून ऑली वॉटकिन्सला सुमारे 18 लाख पाउंडांत घेतलं. 2019मध्ये नील मोपे हा स्ट्रायकर ब्रायटनला विकला आणि वॉटकिन्सला विंगवरून मधे आणलं. पुढच्या वर्षी वॉटकिन्सही अ‍ॅस्टन व्हिलाला सुमारे 2 कोटी 80 लाखांना गेला, त्याची जागा घ्यायला पीटरबरोचा आयव्हन टोनी आला, आणि 2021मध्ये ब्रेंटफर्ड प्रीमियर लीगमध्ये होतं. दोन वर्षांत दोन मुख्य स्ट्रायकर विकून संघ वर गेला, कारण पुढचा माणूस कोण हे विकण्याआधीच ठरलेलं होतं.

गेममध्ये यासाठी एक साधा कागद पुरतो. प्रत्येक जागेसमोर तीन नावं: आज खेळणारा, दोन वर्षांनी खेळणारा, आणि अकादमीतला किंवा लोनवर, म्हणजे तात्पुरता दुसऱ्या क्लबात पाठवलेला. ज्या जागेसमोर दुसरं नाव नाही, तिथला खेळाडू विकायचा नाही, कितीही पैसे येवोत. ज्या जागेसमोर तिन्ही आहेत, तिथला पहिला या उन्हाळ्यात बाजारात. विकताना पुढच्या विक्रीतला टक्का मागून घ्या. लहान क्लबांना चार वर्षांनी अचानक आलेल्या अशा टक्क्यावर अख्खा मोसम काढता येतो. पोरांना मात्र अठरा-एकोणिसाव्या वर्षापासून सामने मिळायलाच हवेत. तुमच्या बाकावर बसून छप्पर गाठलं जात नाही, म्हणून लोनवर पाठवताना तो तिथे नक्की खेळणार आहे याची खात्री करा.

एका विंडोत किती बदल करावेत याला नियम नाही, पण मुख्य अकरात तीन-चारपेक्षा जास्त नवे चेहरे आले की संघाचा एकजिनसीपणा खाली येतो आणि डावपेचांची सवय नव्याने लागावी लागते. 'डायनॅमिक्स'च्या पानावर कोण कोणाच्या कंपूत आहे, नेते कोण, कोणाचं ऐकलं जातं हे दिसतं. नेत्यांपैकी एकाला विकायचं असेल तर आधी त्या पानावर जा आणि त्याच्यामागे किती जण आहेत ते मोजा. नव्या माणसाला दिलेलं आश्वासनही जपून द्या. नियमित खेळवीन असं सांगून आणलेला खेळाडू आठव्या सामन्याला बाकावर दिसला की त्याचं गाऱ्हाणं येतं, आणि तो लोकप्रिय असेल तर कंपूसकट येतं.

नियमांची चौकट

बरेच जण हे वाचतच नाहीत आणि सप्टेंबरात नोंदणीच्या वेळी डोकं धरतात. प्रीमियर लीगमध्ये 25 जणांची यादी, त्यात 'होमग्रोन', म्हणजे इथल्याच क्लबांत घडलेले, नसलेले जास्तीत जास्त 17. एकवीस वर्षांखालचे यादीबाहेर मोफत. युरोपीय स्पर्धांत 25 पैकी 8 जागा देशात घडलेल्यांसाठी, त्यातही 4 तुमच्याच क्लबात घडलेल्यांसाठी. त्यामुळे सामान्य वकुबाचा इंग्लिश राखीव गोलकीपर दिसतो त्यापेक्षा महाग असतो, तो खेळाबरोबर यादीतली जागाही देतो. ब्रेक्झिटनंतर, जानेवारी 2021 पासून, परदेशी खेळाडूला इंग्लंडमध्ये आणायला साधारणपणे 15 पॉइंट लागतात आणि ते देशाच्या संघातले सामने, लीगचा दर्जा, खेळलेली मिनिटं यांवरून मिळतात. अठरा वर्षांखालचा परदेशी मुलगा तर आणताच येत नाही. म्हणजे इंग्लिश क्लब घेतलात तर सोळा वर्षांच्या ब्राझिलियनांची स्वप्नं सोडा.

भारतातला क्लब घेतलात, मुंबई सिटी किंवा एफसी गोवा, तर हीच चौकट सगळं गणित उलटं करते. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, 2021-22च्या मोसमापासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळू शकतात. नवखा मॅनेजर सगळं लक्ष आणि पैसा त्या चौघांवर घालतो. पण बरे परदेशी सगळ्यांनाच मिळतात, जग मोठं आहे. उरलेल्या सात जागा भारतीयांनी भरायच्या असतात आणि त्या दर्जाचे भारतीय खेळाडू मोजकेच. सामना तिथे ठरतो. एक चांगला भारतीय सेंटर बॅक किंवा डावखुरा फुलबॅक तुमच्याकडे असेल तर एक परदेशी जागा मोकळी होते आणि ती स्ट्रायकरला देता येते. त्यामुळे असा डाव सुरू केलात तर पहिला स्काउट स्पेनला पाठवू नका, आयएसएलखालच्या लीगच्या सामन्यांना पाठवा, आणि जे भारतीय खेळाडू आधीच हाताशी आहेत त्यांचे करार संपायच्या दीड वर्ष आधी वाढवून घ्या.